बियाचे भुट्टे

पोळा होऊन सहा दिवस झाले आणि देवाजींच्या घरी भुट्ट्यांचा रविवार उजाडला. बाकीचं कोंढा गाव त्या दिवशी नेहमीसारखं वरणभात खाऊन मोकळं होई. ह्या एका घरात मात्र भाताचा दाणा शिजवायचा नाही, दिवसभर जे खायचं ते भुट्ट्याचंच, असा रिवाज. तो कोणी पाडला असं विचारलं की सगळे देवाजींकडे बोट दाखवत, आणि देवाजी गेलेल्या बायकोकडे. निस्तरायला तीस वर्षं थोरली सून मंदाबाई होती.

धाकटा टेकचंद जवाहरनगरच्या क्वार्टरमधून बायकापोरांसह शनिवारीच आला होता. पहेला गावी दिलेली बहीण गोदावरीबाई सकाळच्या गाडीने आली आणि हातपाय धुवायच्या आधी बाडीत शिरली. घरामागच्या त्या बाडीतला मका ह्या दिवशी एकदमच तोडायचा. थोडा आज, थोडा उद्या असं नाही. सगळ्यांनी मिळून तासाभरात बाडी रिकामी करायची आणि उन्हं वर यायच्या आत धांडे कापून बैलांपुढे टाकायचे. मग अंगणात मोठा ढीग, भोवती पोरं. कोवळे भुट्टे गोवऱ्यांच्या विस्तवावर, भरलेले मिठाच्या पाण्यात उकडायला, आणि त्याहून जून झालेले खरवडून पाट्यावर वाटायचे, लसूण, मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून वडे करायचे. पोरं हिरव्या भुट्ट्यांच्या केसांच्या मिशा लावत. सोलताना ज्याच्या हाती दातपडका भुट्टा येईल त्याने रिकाम्या बाडीच्या कुंपणाशी जाऊन नसलेले पोपट हाकलायचे, दुसरा कोणी सापडेपर्यंत. ह्या वर्षी पहिला मान टेकचंदला मिळाला. फॅक्टरीत चार माणसांवर हुकूम चालवणारा तो गडी कुंपणाशी उभा राहून हुर्र हुर्र करत होता आणि पोरं हसून लोळत होती.

मंदाबाईलाही हसू आलं, पण पुरतं आलं नाही. ती दमली होती. पहाटे चारला उठून गोवऱ्या रचल्या, भुट्टे उकडायचा मोठा गंज घासला, जवसाचं तेल काढून ठेवलं, सासऱ्यांसाठी दूध बाजूला काढलं. एका दिवसाचं दमणं असतं तर रात्रीच्या झोपेनं गेलं असतं. हे साठत आलेलं होतं, आणि आता ते लपवावं असंही तिला वाटत नव्हतं.

जेठात तिनं नवऱ्याला विचारलं होतं, महिनाभर माहेरी बपेऱ्याला जाऊन येऊ का, मायची तब्येत बरी नसते म्हणतात. केवळराम म्हणाला, "धानाचे पऱ्हे टाकाचे दिवस आहेत. आता कसं?" रोवणं आटोपल्यावर विचारलं, तर निंदण होतं. निंदण झालं, तर पोळा तोंडावर होता. पोळा झाला, तर भुट्टे. ह्या घरात तिला नाही असं कोणी कधी म्हणत नसे. आता कसं, एवढंच म्हणत. बाप वारला तेव्हा ती पाच दिवस राहिली होती आणि भावाच्या लग्नात तीन. तीस वर्षांत माहेर म्हणून तिच्या वाट्याला आलं ते एवढंच.

म्हणून ह्या वर्षी तिनं चिंध्या बांधल्या नव्हत्या.

हा मका तिच्या माहेरचा. लग्नात मायनं शिदोरीच्या दुरडीत सहा वाळले भुट्टे घालून दिले होते, पांढऱ्याशुभ्र दाण्याचे. तेव्हापासून दर वर्षी कणसं भरली की मंदाबाई बाडीतून फिरे आणि सगळ्यांत चांगल्या अकरा झाडांना लाल चिंधी बांधे. चिंधीच्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. ते बियाचे भुट्टे. ते जागेवर वाळायचे, मग त्यांची वेणी घालून चुलीवरच्या वाशाला धुरात टांगायची, म्हणजे कीड लागत नाही. औंदा तिनं लुगड्याचा लाल काठ फाडला, अकरा तुकडे केले आणि बाडीच्या तोंडाशी उभी राहिली. बी संपलं, तर ते आणायला कुठं जावं लागेल, हा विचार तिच्या मनात त्या क्षणी आला. बपेऱ्यालाच. आणि बियाण्याच्या कामाला ह्या घरात आता कसं असं कोणी म्हणणार नाही. चिंध्या तिनं परत कोनाड्यात ठेवल्या. त्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली होती आणि हुशारीही वाटली होती.

चंद्रकांता, टेकचंदची बायको, पाट्याशी बसून दाणे खरवडत होती. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, क्वार्टरात राहणारी, म्हणून कोंढ्याला आली की तिला नेमकं जड काम मिळे, हिला जमतं का ते तरी पाहू, अशा बेतानं. तिला जमत असे. ते कोणी बोलून दाखवत नसे. सकाळी बाडीत तोडताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती, की कुठंच लाल चिंधी नाही. टेकचंदला तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनीनं आधीच काढून ठेवले असतीन." मग तिनं समोर आले ते तोडले.

"चंद्रकांता, हे वाचून दे बरं," मंदाबाई तिच्याशेजारी टेकली आणि कमरेचं पोस्टकार्ड काढलं. "भावाचं आहे, काल आलं. मी आई अन् मंदा एवढंच लावलं. बाकीचं त्यानं मुंग्यावानी लिहिलं आहे."

चंद्रकांतानं हात पदराला पुसले आणि हळू आवाजात वाचलं. "सौ. मंदाताईस खुशालचा नमस्कार. आईची तब्येत दिवसेंदिवस उतरत आहे. भात खात नाही. तुझी वाट पाहते. महिनाभर राहायला येशील तर तिच्या जिवाला बरं वाटेल. दुसरं असं की तीन वर्षांपासून आपल्याकडे मका नाही. माकडं ठेवत नाहीत, म्हणून पेरणं सोडलं. बीही राहिलं नाही. आई म्हणते, मंदाजवळ आपलं बी आहे, येताना आणशील. बाकी सर्व ठीक."

"शेवटचं वाचजो पुन्हा."

चंद्रकांतानं पुन्हा वाचलं.

"बाडी कापून झाली का?"

"केव्हाची. बैल अर्धे धांडे खाऊनही बसले." चंद्रकांतानं वर पाहिलं. जावेचा चेहरा पार उतरला होता. "काय झालं, बाई?"

"जून भुट्टा एखादा असंन का ढिगात? वाळाले आलेला?"

"नाई जी. हे सगळ्यात जून, अन् ह्यातही दूध आहे." तिनं एका दाण्यात नख रुतवलं. दूध बोटावर आलं. "बी काढून ठेवलं नाई तुम्ही?"

"चिंध्याच बांधल्या नाई औंदा."

"विसरल्या?"

मंदाबाई चुलीतल्या गोवऱ्या उगाच सारत राहिली. चंद्रकांता काही खुळी नव्हती. जेठापासूनच्या त्या महिनाभराच्या मागणीचं तिला माहीत होतं, टेकचंदनंच हसत सांगितलं होतं, वहिनीले आता माहेर आठवून राहिलं म्हणून. तिनं दोन नि दोन जोडले आणि तिला जावेचा रागही आला, कीवही आली. अकरा वर्षांच्या संसारात ह्या बाईशी तिचं कधी दोन वाक्यांच्या वर बोलणं झालं नव्हतं. एकीला दुसरीचं क्वार्टर खुपे, दुसरीला पहिलीचा मोठेपणा. तिनं ढिगातले पाच न सोललेले भुट्टे उचलले आणि आपल्या पिशवीखाली सरकवले.

"ते कायले?"

"तुमच्या मायले. बी नाई तं नाई, खायाले तरी होतीन." आणि ती पुन्हा खरवडायला लागली.

दुपारी पंगत बसली. वडे चांगले झाले होते, जवसाच्या तेलाचा वास ओसरीभर होता. देवाजी खांबाला टेकून बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ह्या म्हाताऱ्याला दात नव्हते, म्हणून त्यांच्यापुरती भुट्ट्याची खीर. दाणे वाटून दुधात गुळासकट शिजवायचे आणि वरून वेलची. खीर त्यांनी चाटूनपुसून खाल्ली. गुडघ्यांनी आखाडापासून त्यांना ओसरीवरून खाली उतरू दिलं नव्हतं. दर वर्षी ते बाडीत जात, चिंध्या मोजत, एकेका कणसावर हात ठेवत. औंदा तेवढं राहिलं होतं, आणि ते राहिल्याची चुटपुट त्यांना सकाळपासून होती. तीस वर्षांत बाकी किती गोष्टी मोडल्या. तळ्याच्या पाळीवरची मोहाची झाडं गेली, बायको गेली, एक पोरगा फॅक्टरीला लागला. हा पांढरा मका मात्र दर साली येत राहिला, ह्याचं त्यांना मनातून फार समाधान वाटे.

"मंदा," त्यांनी विचारलं, "बियाचे किती आहेत औंदा? अकरा आहेत नं पुरे?"

मंदाबाई वडे वाढत होती. उत्तर गोदावरीबाईनं दिलं.

"बियाचे? बाडीत तं एक धांडा उभा नाई, बाबा. मी आताच हात धुवाले गेली होती."

"एकही नाई?"

"एकही नाई. सकाळी ही चंद्रकांता सटासट तोडून राहिली होती. मोठे मोठे पाहून. मले तेव्हाच वाटलं." गोदावरीबाईनं धाकट्या भावजयीकडे मान वळवली. "शहरातल्या बाईले चिंधी काय अन् बी काय! दिसलं की तोड."

जवाहरनगर म्हणजे फॅक्टरीची वसाहत, शहर नव्हेच. पण क्वार्टरात नळ होता, म्हणून गोदावरीबाईच्या लेखी ते शहरच होतं.

"चिंध्या नव्हत्या, ताई," चंद्रकांता म्हणाली.

"नव्हत्या कशा? तीस वर्षं असतात अन् तू तोडाले गेली तेव्हाच नव्हत्या?"

चंद्रकांतानं मंदाबाईकडे पाहिलं. मंदाबाई ताटाकडे पाहत होती. चंद्रकांतानं आपला वडा मोडून तोंडात टाकला. टेकचंदला बायकोची बाजू घ्यायची होती आणि बहिणीला दुखवायचं नव्हतं. असा माणूस नेहमी बाजारातून काही तरी आणायची गोष्ट काढतो.

"एवढं काय त्याच्यात? भंडाऱ्याले हायब्रीड बी भेटते. पिवळा दाना, हातभर भुट्टा. मी पुढच्या साली पिशवीच आनतो."

"तो ढोराले घाल," देवाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पोरांनी चघळणं थांबवलं. "जुनं बी? घरात उरलेलं?"

"ते नागपंचमीच्या लाह्यात फुटलं," केवळराम म्हणाला. "दर साली तसंच करतो नं आपण."

देवाजींना खरोखर वाईट वाटलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसत होतं की कोणाला तिकडे पाहवेना. केवळराम बापाची समजूत काढायला पुढं सरकला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला शेत कळे आणि बाप कळे, आणि ह्या दोहोंत त्याचा दिवस संपून जाई.

"बाबा, जीव कायले लहान करता? बपेऱ्याचंच तं बी आहे. बपेऱ्याहून आनू."

"मंगं जाय ना तू."

"मले धानाच्या बांधीले पानी द्याचं आहे. मंदाले पाठवतो. उद्याच्या पहिल्या गाडीनं ती जाईन, तुमसरहून सिहोरा, सिहोऱ्याहून बपेरा. आठ दिवस राहू दे. मायले भेटनंही होऊन जाईन तिचं." त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि तिच्यावर मोठा उपकार केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता. "काय वं? जाशीन नं?"

मंदाबाईनं मान वर केली. हेच तिला हवं होतं. तीन महिने जे वाक्य ऐकायला ती तरसली होती ते आज विनासायास समोर आलं होतं. फक्त हो म्हणायचं आणि उद्या गाडीत बसायचं. बी मिळालं नाही, म्हणून परत यायचं. माकडांनी खाल्लं, म्हणायचं. चंद्रकांता तोंड उघडणार नाही हे तिला आता पक्कं माहीत होतं. आणि तरीही तिला ते बोचलं. बियाण्यासाठी उद्याच्या उद्या. मायसाठी जेठापासून आता कसं.

"पाह्य," गोदावरीबाई अजून चंद्रकांतावरच होती. "तुह्या पायी वहिनीले एवढ्या लांब धावाव लागते. हात लावाच्या आधी विचारलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"चंद्रकांताले बोलू नका," मंदाबाई म्हणाली.

"मी काय खोटं बोलून राहिली?"

"चिंध्या मीच बांधल्या नाई."

गोदावरीबाईनं क्षणभर विचार केला आणि सुटकेची वाट तिनंच काढून दिली. "विसरली असशीन. कामाच्या गर्दीत होते असं."

"विसरली नाई, ताई. मुद्दाम नाई बांधल्या."

"काहून?" केवळराम म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं.

"मायजवळ जाचं होतं मले. बी संपलं तं धाडसान, असं वाटलं."

"तं सांगाव नं सरळ!"

"जेठात सांगतलं. रोवना झाल्यावर सांगतलं. निंदन झाल्यावर सांगतलं." तिचा आवाज मोठा नव्हता. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण डोळे आपोआप भरले. "तुम्ही नाई नाई म्हनत, हे खरं. पन हो भी नाई म्हनत. मी थकली आता. अन् आखीन एक ऐका. बपेऱ्याले बी नाई. तीन साल झाले, त्याइनं मका पेरनं सोडलं. कार्ड आज सकाळी वाचलं, बाडी कापल्यावर. बी माह्याच हातानं मोडलं. मायनं दिलं होतं, अन् आता माय तेच मांगून राहिली."

टेकचंद सतरंजीचा धागा ओढत होता. पोरांपैकी कोणीतरी विचारलं, "म्हणजे पुढच्या साली भुट्टे नाई?"

"मंगं आम्ही यावं कायले इथं?" गोदावरीबाई तोऱ्यात म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते बरं वाटलं नाही. तिनं पदर उगाच सारखा केला.

"मी राहते इथं," चंद्रकांता म्हणाली. "बाईले महिनाभर जाऊ द्या. घरचं मी पाहीन. मामाजीचं पथ्यपानी मले सांगून जा."

"अन् माहा डबा?" टेकचंदनं विचारलं. "पोराइची शाळा?"

"पोरं इथल्या शाळेत बसतीन महिनाभर. डब्याचं तुम्ही पाहा. तांदूळ डब्यात आहे, पानी नळात आहे."

कुठल्याही इतर दिवशी ह्यावर हशा पिकला असता. टेकचंद बायकोकडे पाहतच राहिला. ही दोघींची एकी कधी झाली, हे त्याला कळेना. केवळराम मान खाली घालून बसला होता. मग तो म्हणाला, "बांधीचं पानी शेजारचे पाहतीन. उद्या मीच नेऊन सोडतो." हे बायकोला सांगायचं होतं, पण सांगितलं त्यानं जमिनीला.

आता उरले देवाजी. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. म्हातारा रागावेल, बी मोडलं म्हणून सुनेला चार शब्द ऐकवेल, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि मंदाबाईनं त्याची तयारीही केली होती. देवाजींना राग आला होता खरा. पण रागाच्या मागून दुसरंच काही तरी येत होतं आणि ते त्यांना जड जात होतं. त्यांनी खिरीची वाटी बाजूला सारली.

"तीस वर्षं त्या बाईच्या बियाचे भुट्टे खाल्ले आपन," ते म्हणाले. "घरदार जमवून खाल्ले. काय नाव आहे रे तिचं, केवळराम?"

केवळरामनं बायकोकडे पाहिलं आणि पटकन नजर काढली. घरात कायम मंदाची माय म्हणायचे, नाही तर बपेऱ्याची बुढी. टेकचंदला माहीत नव्हतं. चार गावच्या सोयऱ्यांची आजे-पणजेपर्यंत नावं सांगणाऱ्या गोदावरीबाईलाही ठाऊक नव्हतं.

"धुरपता," मंदाबाई म्हणाली.

"काय म्हनते?" देवाजींनी कानामागे हात धरला.

सासऱ्याच्या जवळ उभी राहून ती कधी बोलली नव्हती. ती उठली, वड्यांचं ताट गोदावरीबाईच्या हाती दिलं, खांबाशी गेली आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "धुरपता. धुरपता नाव आहे माह्या मायचं."